“मी इथंच बरा”: पूर, भूकंप आणि घरातली वडीलधारी माणसं

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात आणि पुढच्याच महिन्यात धाराशिव, बीड, लातूरच्या नदीकाठांवर पाणी आलं. त्यानंतर या सदराकडे आलेल्या बऱ्याच पत्रांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी आहे: त्यांना बाहेर कसं काढायचं, आणि काढल्यावर त्यांच्या परसाकडच्या सोयीचं काय. हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण खाली वाचताना लक्षात येईल की बहुतेक घरांत तो एकच प्रश्न असतो.

प्रश्न : आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. मामंजी ७९ वर्षांचे आहेत, दोन्ही गुडघे गेलेत. पुराच्या वेळी सगळा वाडा शाळेत गेला, हे मात्र “मी इथंच बरा, तुम्ही जा” म्हणून बसून राहिले. पाणी उंबऱ्याला लागल्यावर चौघांनी बाजेवर उचलून नेलं. शाळेत दोन दिवस धड जेवले नाहीत, पाणीही घोट-घोट. त्यांची समजूत कशी काढायची? (एक सूनबाई, परंडा तालुका)

उत्तर : समजूत काढायच्या आधी त्यांना विचारा, आणि तुम्ही नका विचारू. त्यांच्या मुलाला किंवा त्यांच्या बरोबरीच्या एखाद्या माणसाला विचारायला सांगा. दोन दिवस जेवण टाळणं, पाणी घोट-घोट पिणं, याचा अर्थ बहुधा असा की शाळेच्या संडासात त्यांना बसता येत नव्हतं. झेडपीच्या शाळेतली भांडी खाली बसायची. गुडघे गेलेला माणूस तिथं बसला तर उठत नाही, आणि उठवायला सुनेला हाक मारणं त्याला मरणाहून वाईट वाटतं. घरी निदान धरायला खुंटी असते, भिंत ओळखीची असते. म्हणून “मी इथंच बरा”.

पाणी टाळण्याचे परिणाम मात्र फार वाईट. लघवी गडद होते, जळजळते, जंतुसंसर्ग होतो, पोट गच्च होतं, उठताना चक्कर येते. त्यातच माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. कधी अचानक असंबद्ध बोलायला लागतो, माणसं ओळखत नाही. त्याला “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका. एका दिवसात बदललेलं भान हा दवाखान्यात नेण्याचा आजार आहे.

तेव्हा त्यांची सोय त्यांच्यासोबत गेली पाहिजे. मेडिकलच्या दुकानात घडीचा कमोड स्टूल मिळतो: लोखंडी चौकट, वर भोकाची बैठक, पायांना रबरी बुचं. बसल्यावर तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा काटकोनात आला पाहिजे. साधारण १७ ते १८ इंच उंची पुरुषांना चालते, बुटक्या आजीला १६ बरी. दोन्ही बाजूंना धरायचे हात असलेलाच घ्या. जुन्या प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडून बसवू नका. भोकाच्या कडेपासून चीर जाते आणि वजन पडलं की खुर्ची दुभंगते. त्यापेक्षा जुन्या लाकडी खुर्चीची बैठक कापून घेतलेली बरी, पण कडा पॉलिश पेपरनं घासा. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते.

खाली झाकणाची बादली ठेवा, १५ ते २० लिटरची. बादलीचा काठ आणि बैठक यांत दोन-तीन इंचांहून जास्त अंतर नको, नाहीतर शिंतोडे उडतात. बादलीत काळ्या पिशव्या एकात एक दोन घाला आणि त्यांची कड बाहेर वीतभर दुमडा. तळाला दोन ओंजळी चुलीची राख टाका, प्रत्येक वापरानंतर वरून आणखी दोन. राख नसेल तर सोयाबीन किंवा तुरीचं बारीक भुसकट, लाकडाचा भुसा, नाहीतर कोरडी चाळलेली माती. आठवड्याला एका माणसाला दहा लिटरचा डबाभर राख पुरून उरते. राख आदल्या दिवशीची, पूर्ण गार असावी. वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारा असतो, पिशवी वितळते आणि सगळं बादलीत सांडतं.

लघवी या बादलीत पडू देऊ नका, निदान जेवढं जमेल तेवढं. दिवसाला लिटर-दीड लिटर लघवी होते. ती मिसळली की राख चिखल होते, वास सुटतो आणि पिशवी उचलताना तळातून फाटते. पुरुषांसाठी युरिन पॉट घ्या, बायकांसाठी रुंद तोंडाचं भांडं.

धुण्याच्या पाण्याचीही हीच गत. तांब्याभर पाणी ओतलं की बादलीचा उपयोग संपला. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणानं चार-पाच भोकं पाडा आणि कोमट पाणी भरून ती दाबत धुवा. पाव लिटरात काम होतं. मग कोरड्या सुती फडक्यानं टिपा, घासू नका, आणि बादलीत राखेची एक ओंजळ जास्त टाका. पिशवी रोज बदला. हवा काढून आतली पिशवी वेगळी बांधा, बाहेरची वेगळी. आठवड्याला चौदा लागतात, वीस ठेवा.

ओल्या काळ्या मातीत किंवा शेणामातीच्या अंगणात स्टुलाचे पाय रुततात, आणि एकाच बाजूचे रुतले की माणूस कलंडतो. खाली अडीच बाय दोन फुटांची फळी किंवा जुन्या दाराचा तुकडा टाका. हा तुकडाही सामानात बांधा. तिथं गेल्यावर शोधू म्हणाल तर मिळत नाही.

आणि हे सगळं पावसाळ्याआधी मामंजींना घरात वापरू द्या, एक-दोन वेळा, दार लावून, एकट्यानं. ज्या सोयीवर ते एकदा बसले आहेत तिच्या भरवशावर घर सोडणं त्यांना सोपं जाईल. पहिल्यांदाच शंभर माणसांत त्यावर बसायला सांगितलं तर ते बसणार नाहीत.

शेवटचं, निघण्याच्या वेळेबद्दल. पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत थांबलात हे फार धोक्याचं झालं. वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी धडधाकट माणसाचा तोल जातो, फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते. धरणाच्या विसर्गाची दवंडी किंवा मेसेज आला की म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि लेकरं पहिल्या फेरीत आणि उजेडात गेली पाहिजेत. गावाबाहेरचा नळकांडी पूल पाण्याखाली गेला की बाजही नेता येत नाही.

प्रश्न : आई ८२ वर्षांची, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली. लघवीची नळी आहे, शौचाला डायपर. नांदेडला नदीजवळच्या वस्तीत पहिल्या मजल्यावर राहतो. जिना अरुंद आहे. पाणी वाढलं तर तिला कसं उतरवायचं आणि सोबत काय घ्यायचं? (एक मुलगा, नांदेड)

उत्तर : आधी हे ठरवा की उतरायचंच आहे का. पहिल्या मजल्यापर्यंत पाणी कधीच आलं नसेल तर वर राहणं सुरक्षित वाटतं. पण वीज, पाणी आणि डॉक्टर दोन-तीन दिवस तुटले तर नळी असलेल्या रुग्णाला घरी ठेवता येत नाही. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडत असल्याची बातमी येईल त्याच दिवशी नातेवाइकाकडे किंवा दवाखान्याजवळ हलवणं चांगलं. कोरड्या रस्त्यावरून १०८ ची रुग्णवाहिका येते, पाण्यातून येत नाही.

जिन्यावरून स्ट्रेचर वळत नसेल तर खुर्ची वापरा. चार पायांची, पाठ असलेली, पक्की लाकडी किंवा लोखंडी. प्लॅस्टिकची आणि चाकांची नको. आईला बसवून छातीखालून आणि कमरेवरून दोन उपरण्यांनी पाठीला बांधा. पक्षाघाताच्या बाजूचा हात मांडीवर ठेवून वरून फडकं गुंडाळा, तो लोंबकळला तर खांदा निखळतो. चांगल्या हातानं तो हात धरायला सांगा. घाबरलेलं माणूस जाता-जाता कठडा पकडतं आणि तिघंही खाली येतात, हा या कामातला सगळ्यात नेहमीचा अपघात आहे.

एक माणूस मागून खुर्चीची पाठ धरून ती आपल्याकडे कलती करतो. दुसरा पुढून, आईकडे तोंड करून, पुढचे पाय खालून धरतो. आईचं तोंड उताराकडे. तिसरा पुढच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून पायऱ्या मोजतो. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. एकदा गव्हाचं पन्नास किलोचं पोतं बांधून हीच खुर्ची उतरवून बघा. कुठल्या वळणावर कठडा आडवा येतो ते तेव्हाच कळेल.

माणसंच नसतील आणि सपाट फरशीवरून न्यायचं असेल तर जाड वाकळीवर आडवं ठेवून डोक्याच्या बाजूनं ओढता येतं. डोकं आणि खांदे थोडे उचलून धरा. ओढताना पाठीची कातडी खरचटते, म्हणून वाकळ तिच्याखाली सरकता कामा नये, वाकळीसकट ती सरकली पाहिजे.

नळीचं असं करा. हलवण्याआधी पिशवी रिकामी करा. नळी मांडीला चिकटपट्टीनं लावा, थोडी सैल ठेवून. पिशवी सतत मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. खुर्ची उतरवताना लोक पिशवी आईच्या मांडीवर ठेवतात, ते टाळा. जुनी लघवी उलटी आत जाते आणि ताप येतो. पिशवी खुर्चीच्या खालच्या दांडीला बांधा. पिशवी दोन-तृतीयांश भरली की ओता, हात आधी आणि नंतर धुवून. चार तास पिशवीत काहीच आलं नाही आणि ओटीपोट फुगलं, दुखलं, तर नळी तुंबली किंवा पिळली असेल. पीळ बघा. नसेल तर नर्स किंवा डॉक्टर गाठा, स्वतः नळी ओढू नका. नळी बदलायची तारीख जून-जुलैच्या मध्यात येत असेल तर डॉक्टरांना विचारून ती पावसाच्या जोराआधीच बदलून घ्या.

डायपर दिवसाला चार-पाच धरा. सात दिवसांना पस्तीस, शिवाय अंथरायचे अंडरपॅड दहा. मापात चूक नेहमी होते. ते वजनावर नाही, कमरेच्या आणि खुब्याच्या घेरावर असतं. मोठं घेतलं की मांडीच्या सांध्यातून गळतं. भरलेला डायपर काढायचा क्रम: कुशीवर वळवा, मळ आतच दुमडा, पुढून मागे पुसा, कातडी टिपून कोरडी करा, झिंक ऑक्साईडचं मलम पातळ लावा, मग नवा. पावडर टाकू नका, घामात तिचे खडे होतात आणि ते टोचतात. वापरलेला डायपर गुंडाळून कागदात आणि बंद पिशवीत ठेवा. पुराच्या पाण्यात किंवा नालीत टाकायचा नाही. शिबिरात जाळायचाही नाही, त्यातलं प्लॅस्टिक विषारी धूर करतं.

दर दोन तासांनी कूस बदला. गाडीत असाल तरी निदान एक बाजू उशीनं उचला. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज हातानं चाचपा. लालसर डाग दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल तर तिथं जखम सुरू झाली.

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यात आमच्याकडे जमिनीतून आवाज येतात, हादरे बसतात. माय जुन्या दगडी घरात झोपते, संडास अंगणापलीकडे. रात्री दोनदा उठते. धरणी हलली तर तिनं काय करायचं? (एक शेतकरी, वसमत तालुका)

उत्तर : १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीत ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा सगळे जागे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप आला तेव्हा सगळे झोपेत होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं झाली होती. माणसं दगावली ती मुख्यतः घरांमुळे: मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, त्यात आरपार जाणारे जोडदगड नाहीत, आणि वर मातीचं जड धाबं. अशा घरात हादऱ्याचे ते काही सेकंद म्हाताऱ्या माणसाला बाहेर पडायला पुरत नाहीत. म्हणून काय करायचं हे त्या रात्री ठरत नाही, आज बाज कुठं आहे यावर ठरतं.

मायची बाज दगडी खोलीतून काढा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा नव्या पक्क्या खोलीत लावा, दारापासून तीन-चार पावलांवर. डोक्याशी कपाट, उतरंड, फडताळ, पाण्याचा रांजण नको. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून पत्रे हुकनं आवळा. उशाशी बॅटरी, काठी, चष्मा आणि कडक तळाच्या चपला ठेवा. चपला पिशवीत घालून बाजेच्या पायाला बांधा. हादऱ्यानं त्या सरकतात आणि फुटलेल्या काचेवरून अनवाणी चाललेल्या मधुमेही पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही.

पक्क्या खोलीत हादरा सुरू झाला तर बाजेवरच राहायचं, कुशीवर वळून उशीनं डोकं आणि मान झाकायची. खाली वाकून टेबलाखाली शिरणं गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमत नाही, त्या घाईत ते पडतात. चाकाची खुर्ची असेल तर ब्रेक लावून पुढं वाकायचं आणि डोकं झाकायचं. थांबलं की बाहेर. नंतरचे धक्के येतात, म्हणून दागिन्यांची डबी आणायला परत आत जायचं नाही.

रात्रीच्या दोन फेऱ्या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या रोज घडतात. बाजेशेजारी कमोड स्टूल आणि युरिन पॉट ठेवलं की अंगण ओलांडायचं कामच उरत नाही. मग पाऊस असो, साप असो की हादरा. झोपायच्या आधी दोन तास पाणी कमी प्यावं, पण दिवसभराचं कमी करू नये. अंगणातला संडास वापरायचाच असेल तर घरापासून तिथपर्यंत कमरेच्या उंचीवर जाड दोर ताणून बांधा. अंधारात, चिखलात तो हाताला धरता येतो.

प्रश्न : पुरात आमच्या संडासाचं भांडं उलटं भरलं. आता पाणी ओसरलंय, वापरू का? शोषखड्डा काळ्या रानात आहे. (एक वाचक, गेवराई तालुका)

उत्तर : लगेच नको. खड्ड्याभोवतीची जमीन तुडुंब असताना वरून ओतलेलं पाणी जायला जागा नसते, आणि काळी माती फुगली की तिच्या भेगा मिटून पाणी जिरणं जवळपास थांबतं. एक बादली ओतून बघा. दहा मिनिटांत भांड्यातली पातळी खाली गेली नाही तर आणखी थांबा. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर चेंबर उघडून दुसऱ्या, कोरड्या खड्ड्याकडे वळवता येतं, पण दोन्ही भरले असतील तर उपयोग नाही.

सेप्टिक टाकी असेल तर भोवतालची जमीन वाळण्याआधी ती पूर्ण उपसू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबानं प्लॅस्टिकची टाकी वर उचलली जाते, विटांची भिंत आत येते. टाकीत कुणीही उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही. आतला वायू एका श्वासात माणसाला बेशुद्ध करतो. मैला साफ करायला माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हाही आहे. टँकरवाल्यालाच बोलवा.

तोवर वडीलधाऱ्यांना बादलीची सोय. पिशव्या पुरायच्या झाल्या तर विहीर किंवा बोअरपासून निदान ३० मीटर दूर, उंचवट्यावर, मुरमाड जागेत. काळ्या मातीत खोल खड्डा खणू नका, ओल्या कडा ढासळतात.

फरशी आणि भांडं आधी साबणानं घासून, चिखल काढून, मग ब्लिचिंगच्या पाण्यानं पुसा. एका लिटरला १५ ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर, प्लॅस्टिकच्या बादलीत, लाकडी काडीनं ढवळून निवू द्या. वरचं निवळ वापरा, दहा मिनिटं राहू द्या, मग धुवा. चिखलावरच ओतलं तर सगळा क्लोरीन चिखलच खातो. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये ब्लिचिंग मिसळू नका. जो वायू निघतो तो छोट्या बंद संडासात दम्याच्या माणसाचा जीव घेऊ शकतो.

प्रश्न : आमच्या शाळेत शिबिर लागतं. वृद्धांसाठी थोडक्यात काय करता येईल? (एक शिक्षक, औसा तालुका)

उत्तर : व्हरांड्याच्या टोकाची, संडासाजवळची एक खोली फक्त त्यांना द्या. पायरी असेल तिथं वाळूची पोती रचून वर फळी टाका, एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार ठेवा. त्याहून उभा उतार चाकाच्या खुर्चीला आणि काठीला दोन्हीला वाईट.

सुरुवातीच्या दिवसांत पन्नास माणसांना एक संडास आणि नंतर वीस माणसांना एक, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, हा मदतकार्यात मानला जाणारा मापदंड आहे. तुमच्या शाळेत तेवढे नसतील. म्हणून निदान दोन कमोड स्टूल गावाच्या खर्चातून घेऊन कुलपात ठेवा. व्हरांड्याच्या कोपऱ्यात साडी किंवा ताडपत्रीचा आडोसा करा, आत स्टूल आणि मदतीचं माणूस दोन्ही मावतील असा, पाच बाय पाच फूट. आडोशाच्या बांबूला धरून उठायचं नसतं, तो हलतो. धरायला व्हरांड्याच्या खांबाला कमरेएवढ्या उंचीवर जाड दोराचा फेरा आवळा. रात्रभर तिथं दिवा. हात धुवायला नळ लावलेलं पिंप आणि दोरीला बांधलेला साबण.

जमिनीवर झोपवू नका. बाज किंवा निदान बाक, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांनाच चावतो आणि दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत कळत नाही.

प्रश्न : विहिरीत पुराचं पाणी गेलं. ब्लिचिंग किती टाकायचं? आजीला जुलाब लागलेत. (एक वाचक, गंगाखेड)

उत्तर : आधी आजी. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट, अर्धं नाही. दर दोन-तीन मिनिटांनी दोन चमचे. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर नुकसान, म्हणून चमचा बोटानं सपाट करा. सहा तासांत लघवी झाली नाही, जीभ कोरडी पडली किंवा ती गुंगीत गेली तर घरी थांबू नका. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

विहिरीचं गणित असं: व्यास गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५, सगळी मापं मीटरमध्ये. ४ मीटर व्यास आणि ५ मीटर पाणी असेल तर ६२,८०० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे सुमारे १६० ग्रॅम. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त नको. आधी लापशी करा, मग पाणी घालून दहा मिनिटं निवू द्या. निवळ दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना फेकून द्या. बादली दोरानं पाण्यात सोडून वर-खाली हलवा. तासभर थांबा. हे प्रमाण स्वच्छ विहिरीचं आहे, गढूळ पाण्यात ते अपुरं पडतं. म्हणून शक्य असेल तर आधी उपसा करा, आणि शेवटी ग्रामपंचायतीकडच्या ओटी किटनं (पाण्यातला क्लोरीन तपासायची पेटी) तपासा. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाका. पुडी फुटलेली, दमट, वास नसलेली ब्लिचिंग म्हणजे नुसता चुना. तोवर आजीला तुरटीनं निवळून, गाळून, खळखळून उकळलेलं पाणी द्या.

प्रश्न : लघवीची गोळी सुरू आहे. प्रवासात आणि शिबिरात पंचाईत होते म्हणून बंद ठेवली तर? (एक आजोबा, अंबाजोगाई)

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, आजोबा. हृदयासाठी ती गोळी असेल तर दोन-तीन दिवसांत पायांवर सूज आणि रात्री धाप लागते. वेळ मागे-पुढे करता येईल का ते डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून घ्या. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्याच दिवशी विचारा, कारण तेव्हा ही गोळी अंगातलं उरलेलं पाणीही काढते.

औषधं सात दिवसांची, पाकिटासकट, चिठ्ठीच्या झेरॉक्ससोबत दुहेरी प्लॅस्टिकमध्ये. त्यातच आधार, राशन कार्ड, आयुष्मान कार्ड. इन्सुलिन बर्फाला टेकवू नका, गोठलेलं फेकावं लागतं. मोठ्या माठात ओली वाळू आणि त्यात छोटं मडकं, मडक्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतली बाटली, वर ओलं फडकं. वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांखाली चार आठवडे टिकते.

प्रश्न : मुलं पुण्यात. आम्ही दोघंच, दोघंही सत्तरीपुढचे. कुणाला सांगून ठेवावं? (एक काकू, माजलगाव)

उत्तर : तीन माणसांना, आणि कागदावर लिहून. शेजारचं एक तरुण माणूस, ज्याच्याकडे तुमच्या घराची किल्ली राहील. आशाताई, कारण गावातल्या आजारी माणसांची यादी तिच्याकडे असते. आणि पोलीस पाटील. त्यांना एवढंच लिहून द्या: घरात दोघं, वय, चालता येतं का, कमोड लागतो, कोणती औषधं, मुलाचा नंबर. तुम्हाला लागणारी मदत “दोन माणसं आणि एक खुर्ची” अशी नेमकी लिहा. नुसतं “मदत लागेल” लिहिलं की बोटवाले एकटा माणूस पाठवतात.

११२ आणि १०८ फोनवर ठेवाच, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७, ज्येष्ठांच्या हेल्पलाइनसाठी १४५६७. हे आकडे फ्रिजवर जाड पेननं लिहा, चार्जिंग संपलेल्या मोबाइलमधून ते निघत नाहीत. मुलाला सांगा की पावसाच्या दिवसांत रोज संध्याकाळी सहाला फोन करायचा, आणि दोनदा लागला नाही तर शेजाऱ्याला. आणि काकू, पिशवी भरताना स्टूल, बादली आणि राखेचा डबा दाराशीच ठेवा, माळ्यावर नको.